मंडेला दिनाच्या लेखात लिंडिवे माबुझा राहूनच गेल्या

संपादक महोदय, नमस्कार.

मंडेला दिनाचा तुमच्या पुरवणीतला लेख वाचला, चांगलाच होता, पण मंडेलांना जिथं डांबलं होतं ते रॉबेन बेट आणि त्यांचा २७ वर्षांचा तुरुंग याच्यापलीकडे तो गेलाच नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाविरुद्ध देशाबाहेर राहून ज्यांनी सरकारांचे उंबरे झिजवले ते कुठंच नव्हते म्हणून हे पत्र.

लिंडिवे माबुझा, जन्म १९३८, दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतातलं न्यूकॅसल. कवयित्री. अमेरिकेत शिकून तिथंच विद्यापीठात शिकवत होत्या, आरामात सेटल झाल्या असत्या की! पण बाई मंडेलांच्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेस पक्षामधे गेल्या, पक्षाच्या रेडिओ फ्रीडम या रेडिओवर काम केलं आणि चळवळीतल्या बायकांच्या कविता गोळा करून 'मालिबोंग्वे' नावाचा संग्रह टोपणनावानं संपादित केला. तो त्यांच्या स्वतःच्या देशात बॅन होता.

१९७९ ला पक्षानं त्यांना स्टॉकहोमला प्रतिनिधी म्हणून पाठवलं. आता विचार करा, मागं ना सरकार ना दूतावास, आणि काम मात्र राजदूताचंच, मंत्र्यांना भेटा, मदत मिळवा, बहिष्कारासाठी लोकांना तयार करा. स्वीडन आधीपासून मदत करत होतं हे खरं, तरी ते टिकवायलाही माणूस लागतोच ना. १९८७ पर्यंत त्या तिथं होत्या, मग वॉशिंग्टन. म्हणून १९९५ ला त्या जर्मनीत राजदूत झाल्या तेव्हा 'कवयित्री आता डिप्लोमॅट झाली' असं कोणी म्हटलं असेल तर मला ते पटत नाही, कितीतरी वर्षं त्या तेच करत होत्या, फक्त पगार आणि गाडी नव्हती.

मला सगळ्यात आवडतं ते लंडनचं. ट्रफाल्गर स्क्वेअरमधल्या ज्या साउथ आफ्रिका हाऊससमोर, म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या वकिलातीसमोर, १९८६ पासून मंडेला सुटेपर्यंत लोक रात्रंदिवस निदर्शनं करत उभे होते, त्याच इमारतीत २००१ पासून या बाई हाय कमिशनर, म्हणजे राजदूतच, म्हणून बसल्या!

आणि आपलाही संबंध आहे बरं का. भारतानं १९४६ लाच दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला होता, पुढं त्यांच्या पक्षाला दिल्लीत ऑफिसही दिलं. हेही लेखात नव्हतं.

बाई डिसेंबर २०२१ मधे गेल्या. ९ ऑगस्टला तिकडं महिला दिन असतो, १९५६ च्या प्रिटोरियातल्या बायकांच्या मोर्चाची आठवण म्हणून. त्या दिवशी पुरवणीत अर्धं पान द्या आणि त्यांच्या दोनतीन कविता कोणा चांगल्या कवीकडून मराठीत करून घ्या, नुसता फोटो आणि चार ओळी नकोत.

आपला एक नियमित वाचक,
सातारा