माइकशिवाय पोचलेला आवाज

संपादक साहेब, नमस्कार.

गेल्या शनिवारी आमच्या कॉलेजात एका पाहुण्या सोप्रानोचं (पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतात सगळ्यात उंच पट्टीत गाणारी गायिका) गाणं झालं, तुमच्याकडे चार ओळी तरी येतील असं वाटलेलं, आल्या नाहीत म्हणून मीच लिहितेय. बाई माइक न घेता उभ्या राहिल्या, पंखेसुद्धा बंद करायला लावले, आम्ही सगळे घामाघूम, पण वरचा सूर लागला तेव्हा मागच्या रांगेतल्या पोरांनी मोबाइल खाली ठेवले. (मध्येच टाळ्या वाजवल्या आम्ही, चालायचंच.)

नंतर गप्पांत पॅट्रिशिया रोझारिओंचा विषय निघाला. मुंबईत जन्मलेली ही सोप्रानो इथे किती जणांना माहितीय? लंडनच्या गिल्डहॉल या संगीतशाळेत शिकल्या, जॉन टॅव्हनर या ब्रिटिश संगीतकाराने ३०हून जास्त रचना खास त्यांच्यासाठी केल्या, १९९२ मध्ये त्याच्या ‘मेरी ऑफ इजिप्त’ ऑपेरात मुख्य भूमिका त्यांचीच, २००१ ला ओबीई हा ब्रिटिश सन्मान मिळाला, आणि २००९ पासून पियानोवादक नवऱ्यासोबत भारतात येऊन इथल्या पोरापोरींना गायला शिकवायला लागल्या.

सवाईला पानभर जागा देता, द्याच, मीही वाचते, पण पुढच्या वेळी आमच्याकडेही कुणाला तरी पाठवा. खुर्ची मी धरून ठेवते.

– एक वाचक, पुणे