घाबरट नसल्याचा दाखला देणाऱ्या भूलतज्ज्ञ मॅडमना

प्रिय मॅडम,

पत्र लिहायचं म्हणून कितीदा बसले आणि दर वेळी रडूच आलं. आज रेटून लिहितेय.

मागची काही वर्षं मी एकच वाक्य ऐकत होते, 'टेन्शन घेऊ नका.' अचानक डोकं फुटेल असं दुखायचं, दरदरून घाम फुटायचा, छातीत धडधडायचं आणि थोड्या वेळाने सगळं आपोआप शांत. दवाखान्यात पोचेपर्यंत बीपी ताळ्यावर. एका डॉक्टरांनी योगासनांचा क्लास सुचवला. दुसऱ्यांनी धडधडीवर प्रोप्रॅनोलॉल दिली. ती घेऊन डोकं आणखीच ठणकायला लागलं, तर म्हणाले, 'मनाचे खेळ आहेत.' फी मात्र मनाची नव्हती.

तुमच्यासमोर आले ती पित्ताशयाच्या खड्यांसाठी, ऑपरेशनआधीच्या तपासणीला. कागदावर सही करून मोकळं होता आलं असतं. तुम्ही विचारलंत, "हे तिन्ही त्रास एकदमच येतात का?" आणि ऑपरेशन थांबवलंत. पुढच्या तपासण्यांत मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत गाठ निघाली. फिओक्रोमोसायटोमा. नाव उच्चारायला शिकण्यातच माझे दोन दिवस गेले.

रिपोर्ट घेऊन तुम्ही वॉर्डात आलात तेव्हा सासूबाई, नणंद, हे, सगळे होते. मला एकटीला सांगून भागलं असतं. तुम्ही त्यांच्याकडे वळलात आणि शेजारच्या खाटेलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात, "या घाबरट नाहीत. माणूस घाबरला की जे ॲड्रेनॅलिन, नॉरॲड्रेनॅलिन रक्तात उतरतं, ते ही गाठ काही कारण नसताना सोडते. यांच्या जागी मी असते तर माझंही हेच झालं असतं." ऑपरेशन व्हायचंच होतं, पण त्या रात्री मी गाढ झोपले.

ती जुनी गोळी का बाधली, तेही तुम्हीच उलगडलंत. ॲड्रेनॅलिन, नॉरॲड्रेनॅलिन शरीरात ज्यांना चिकटून काम करतात ते रिसेप्टर, त्यातले अल्फा रक्तवाहिन्या आवळतात. बीटा हृदयाला पळवतात, पण काही बीटा रक्तवाहिन्या सैलही करतात. प्रोप्रॅनोलॉलने नुसते बीटा अडवले की आवळणारे मोकाट. म्हणून आधी अल्फा अडवणारी प्राझोसिन, बीटाची गोळी नंतर. शिवाय आवळलेल्या वाहिन्या सैल झाल्या की रक्त कमी पडतं, म्हणून भरपूर पाणी आणि मीठ! बीपीच्या पेशंटला मीठ खायला सांगणारी डॉक्टर म्हणून सासूबाई तुमच्याकडे कशा बघत होत्या, आठवतंय?

टेबलावरचं मला काय कळणार. पण गाठीला हात लागताच बीपी २२० च्या वर गेलं, आणि तिची शीर बांधल्यावर इतकं कोसळलं की तोवर जे अडवत होतात तेच नॉरॲड्रेनॅलिन ड्रिपमधून द्यावं लागलं, हे तुम्ही बाहेर येऊन ह्यांना सांगितलंत. बाहेर येऊन सांगायलाच हवं होतं असं नाही. ह्यांना अजून त्याचंच अप्रूप आहे.

पेढे सर्जनना गेले, तो त्यांचा हक्कच. पण पेशंट सांगतोय ते खरं धरून पुढचा प्रश्न विचारायला कुठलं महागडं मशीन लागत नाही, एवढं मला त्या आधीच्या मंडळींना एकदा सांगायचंय. सांगणार नाही. त्यांची अपॉइंटमेंट परत कोण घेतो?

बीपीच्या गोळ्या सुटल्यात. पित्ताशयातले खडे मात्र अजून तिथेच आहेत. दिवाळीनंतरची तारीख मिळतेय. भूल तुम्हीच द्यायची, सर्जन कुणीही चालेल.

तुमची,
एक पेशंट