तीन मिनिटांत प्रबंध, पण मराठीतून

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्यांनी आपले संशोधन त्या विषयाशी संबंध नसलेल्या श्रोत्यांना तीन मिनिटांत समजावून सांगायचे, अशी ‘थ्री मिनिट थिसिस’ ही स्पर्धा ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाने २००८ मध्ये सुरू केली. तिथे तेव्हा दुष्काळ होता आणि पाणी वाचवण्यासाठी लोक तीन मिनिटांचे घड्याळ लावून अंघोळ उरकत. त्यावरून अधिष्ठाता अ‍ॅलन लॉसन यांना ही कल्पना सुचली. स्पर्धकाला एकच स्थिर स्लाइड दाखवता येते. चित्रफीत, ध्वनिफीत, उपकरणे चालत नाहीत, कविता किंवा गाणेही नाही, आणि वेळ ओलांडली की स्पर्धक बाद होतो. ८०,००० शब्दांचा प्रबंध वाचून दाखवायचा तर नऊ तास लागतील, असे आयोजक सांगतात. आज ही स्पर्धा अनेक देशांतील शेकडो विद्यापीठांत होते.

आपल्या राज्यातील विद्यापीठांनी ती मराठीतून घ्यावी, ही विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. कॅनडातील क्वेबेक प्रांतात फ्रेंच भाषकांच्या ‘अ‍ॅकफास’ या विज्ञानसंस्थेने २०१२ मध्ये हीच स्पर्धा १८० सेकंदांची म्हणून फ्रेंचमध्ये आणली आणि दोन वर्षांत ती फ्रान्समध्येही सुरू झाली. जे फ्रेंचमध्ये जमले ते मराठीत जमणार नाही, असे मानण्याचे कारण नाही.

ग्रंथपाल म्हणून माझी नोकरी प्रबंधांच्या सहवासात गेली. ज्यांच्याविषयी ते लिहिलेले असतात, त्या माणसांपर्यंत ते जवळजवळ कधीच पोहोचत नाहीत, याची खंत मला तेव्हाही होती. शिरोळ तालुक्यातल्या क्षारपड जमिनीचे नमुने नेणारा विद्यार्थी शेतकऱ्याच्या बांधावर जातो, त्याला प्रश्न विचारतो, चहा घेतो; पुढे निष्कर्ष इंग्रजीत लिहिले जातात आणि त्या शेतकऱ्याला त्यांतले काहीच कळत नाही. प्रबंध ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात हे खरे, पण त्यासाठी इंग्रजी आणि त्या शास्त्राची परिभाषा दोन्ही अवगत असावी लागतात. प्रबंधावरची खुली मौखिक परीक्षाही व्यवहारात विभागातील मंडळींपुरतीच उरते. ‘आविष्कार’ संशोधन स्पर्धेत आपले विद्यार्थी उत्साहाने उतरतात आणि तिचे मोल मी कमी लेखत नाही, परंतु तिथे पोस्टर तपासणारे जाणकार असतात. शेतकरी, परिचारिका किंवा दुकानदार नसतात.

तीन मिनिटांत संशोधन उथळ होईल, हा आक्षेप मला गंभीर वाटतो. इतिहासाच्या किंवा समाजशास्त्राच्या अभ्यासकाचा निष्कर्ष अनेक ‘परंतु’ आणि ‘तथापि’ यांवर उभा असतो. ते गाळले तर उरते ते अर्धसत्य, आणि हातवारे करून बोलणारा बाजी मारून जातो. म्हणून मूळ नियमांत एक भर घालावी, असे मला वाटते. प्रत्येक सादरीकरणानंतर श्रोत्यांना पाच मिनिटे प्रश्न विचारू द्यावेत आणि त्या उत्तरांनाही गुण असावेत. पाठ केलेले भाषण तीन मिनिटे टिकते. ‘हे तुम्ही कशावरून म्हणता?’ या साध्या प्रश्नापुढे मात्र अभ्यासच लागतो. ‘हे अजून आम्हाला कळलेले नाही’ असे प्रामाणिकपणे सांगणाऱ्याचे गुण कापले जाऊ नयेत. परीक्षकांतील निम्मे तरी विद्यापीठाबाहेरचे असावेत.

जागेची अडचण नाही. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, आणि आजही गावोगावची वाचनालये व्याख्यानमाला भरवतात. त्यांतील एक संध्याकाळ त्या जिल्ह्यातील संशोधक विद्यार्थ्यांना दिली, तर दीड-दोन तासांत दहा-बारा जणांचे काम लोकांना कळेल. मार्गदर्शकांनीही त्या दिवशी श्रोत्यांत बसावे. मराठीत नेमके सांगताना विद्यार्थी कुठे अडखळतो, हे त्यांनाही पाहायला मिळेल.

आपल्या वृत्तपत्रालाही एक विनंती. अशी स्पर्धा जिथे होईल, तिथल्या निवडक सादरीकरणांना रविवारच्या पुरवणीत जागा द्यावी. तीन मिनिटांचे बोलणे छापील चारशे शब्दांत सहज मावते.

आपला विश्वासू,
एक निवृत्त ग्रंथपाल, कोल्हापूर