१९११ पिस्तुलातला लांब गाइड रॉड हवाच कशाला?

महोदय,

पिस्तूल साफ करायला घ्यावे आणि आधी ॲलन की (षटकोनी चावी) शोधत बसावे, ही वेळ १९११ पद्धतीच्या पिस्तुलावर येण्याचे खरे तर कारण नाही. जॉन ब्राउनिंगने आखलेले आणि अमेरिकी सैन्याने मार्च १९११ मध्ये स्वीकारलेले हे पिस्तूल उघडायला एकही अवजार लागत नसे. पुढे बऱ्याच कारखान्यांनी त्यात नळीच्या टोकापर्यंत पोहोचणारा लांब गाइड रॉड, म्हणजे स्लाइड (पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग) पुढे आणणाऱ्या स्प्रिंगला आतून आधार देणारी दांडी, घातला आणि सोपे काम अवघड होऊन बसले. अमेरिकेत राहणाऱ्या ज्या मराठी वाचकांकडे असे पिस्तूल कायदेशीरपणे आहे, त्यांच्यासाठी हे पत्र.

लांब रॉडमुळे स्प्रिंग वाकत नाही, असे सांगितले जाते. पण स्प्रिंगला वाकायला जागाच नसते. मागून आखूड गाइड, पुढून प्लग (स्प्रिंगच्या पुढच्या टोकावरची पोकळ टोपी), खाली फ्रेम (पिस्तुलाचा खालचा सांगाडा) आणि वर पिस्तुलाची नळी अशी ती चहूबाजूंनी कोंडलेली असते. रॉडने पुढच्या बाजूला थोडे वजन वाढते. काहींना ते आवडते, तेवढाच त्याचा उपयोग. उलट दोन तुकड्यांचा रॉड गोळीबाराच्या हादऱ्यांनी सैल होऊन पुढे सरकू लागतो. एकसंध रॉड प्लगच्या भोकातून बाहेर डोकावतो, त्यामुळे प्लग अंगठ्याने दाबता येत नाही.

बदलायचे भाग तीनच: आखूड गाइड, तोंड बंद असलेला प्लग आणि नवी स्प्रिंग. ५ इंची नळीच्या .४५ पिस्तुलाला १६ पौंडी दाबाची स्प्रिंग लागते, सव्वाचार इंचीला साधारण १८ पौंडी. प्लगची लांबी पिस्तुलाच्या आकाराप्रमाणे वेगळी असते, म्हणून मॉडेल सांगूनच घ्यावा. जुनी स्प्रिंग नव्या गाइडवर चढवण्याची काटकसर करू नये. नव्या स्प्रिंगशेजारी ठेवल्यावर ती तिच्यापेक्षा अर्ध्या इंचाहून जास्त आखूड दिसली, तर ती दमलेली आहे असे समजावे.

मॅगझीन काढून, चेंबर (नळीत गोळी बसते ती जागा) डोळ्यांनी पाहून आणि बोटाने चाचपून मगच हत्याराला हात लावावा. डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच. दोन तुकड्यांचा रॉड असेल तर पुढचा तुकडा आधी ॲलन कीने सोडवावा. प्लग दाबून बुशिंग (नळीच्या तोंडाभोवतीची कडी) पाव वळसा फिरवले की स्प्रिंग प्लगला बाहेर ढकलते. या क्षणी अंगठा निसटला तर प्लग खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पडतो. प्लॅस्टिकच्या पारदर्शक पिशवीत हात घालून हे काम केले तर शोधाशोध वाचते. १९७० च्या दशकातल्या कोल्ट कंपनीच्या काही पिस्तुलांत बोटांसारख्या पात्यांचे बुशिंग आहे. ते फिरवण्याआधी स्लाइड थोडी मागे घ्यावी, नाहीतर पाते तुटते.

आता स्लाइडची खाच स्लाइड स्टॉपशी (स्लाइड अडवणारी खीळ) जुळवून तो उजवीकडून ढकलून काढावा आणि स्लाइड पुढे ओढून घ्यावी. नव्या स्प्रिंगचे एक टोक गाइडवर घट्ट बसते. तेच टोक गाइडकडे ठेवावे. गाइडच्या डोक्याची खोलगट बाजू नळीकडे यायला हवी. उलटी बसवली तर स्लाइड मागे पूर्ण जात नाही. प्लगला आत वळलेली बारीक जीभ असेल तर स्प्रिंग फिरवत तिच्यात अडकवावी, म्हणजे पुढच्या वेळी प्लग उडत नाही.

स्लाइड फ्रेमवर चढवल्यावर नळीखालच्या लिंकचे (छोट्या जोडपट्टीचे) भोक फ्रेमच्या भोकाशी जुळवून स्लाइड स्टॉप घालायचा. इथे घाई नडते. स्टॉपचे टोक फ्रेमला घासत वर नेले तर कमानीसारखा ओरखडा उमटतो. इथले लोक त्याला ‘इडियट स्क्रॅच’ म्हणतात आणि जुने पिस्तूल विकत घेताना आधी तोच शोधतात. स्टॉपमागची छोटी लोखंडी पिन कार्डाने किंवा पातळ पट्टीने दाबून धरून स्टॉप सरळ आत ढकलावा. मग प्लग स्प्रिंगवर दाबून बुशिंग जागेवर फिरवले की झाले.

ज्या पिस्तुलांना बुशिंगच नसते, नळी पुढे जाड होत गेलेली असते आणि प्लग मागून बसतो, तिथे हा बदल करू नये. त्यांची जोडणीच निराळी. रॅम्पवाल्या (गोळी वर सरकवणारा उतार नळीलाच जोडलेल्या) नळीलाही गाइडच्या डोक्याचा आकार वेगळा लागू शकतो, तेव्हा आधी पिस्तूल बनवणाऱ्याला विचारावे. भारतातल्या वाचकांनी तर हे घरी करूच नये. १९५९ च्या शस्त्र कायद्यात दुरुस्तीच्या धंद्यालाही परवाना लागतो, म्हणून काम परवानाधारक बंदूकवाल्याकडेच द्यावे.

नेमबाजीच्या रेंजवर जाण्याआधी रिकामे मॅगझीन घालून स्लाइड शेवटपर्यंत ओढावी. ती मागे अडकून राहायला हवी. नंतर गोळ्या झाडताना रिकाम्या पुंगळ्या ५-७ फुटांवर पडत असतील तर स्प्रिंग जुळली. त्या १५ फुटांवर जात असतील तर स्प्रिंग हलकी आहे, आणि पायाशीच पडून स्लाइड अर्ध्यात अडखळत असेल तर जड.

— एक वाचक, ह्यूस्टन