कापलेल्या कानामागचा व्यापार

संपादक महोदय,

१७३९च्या ब्रिटन-स्पेन युद्धाचे कारण म्हणून ब्रिटिश जहाजाचा कप्तान जेन्किन्स याचा स्पॅनिश गस्तीवाल्यांनी कापलेला कान आमच्या निपाणीतील वर्गांतही सांगितला जातो. परंतु तो कापला गेला १७३१ मध्ये, आणि संसदेत त्यावरून रान उठवले गेले १७३८ मध्ये. मूळ तंटा वेस्ट इंडीजमधील चोरट्या व्यापाराचा आणि स्पॅनिश गस्ती जहाजांनी घेतलेल्या झडत्यांचा होता. पंतप्रधान वॉलपोल यांनी स्पेनकडून ९५,००० पौंड भरपाई कबूल करून घेतली, तरी व्यापारी व विरोधकांनी तो करार राष्ट्राचा अपमान ठरवला. त्यातच साउथ सी कंपनी या ब्रिटिश व्यापारी कंपनीने स्पेनच्या राजाचे ६८,००० पौंड देण्याचे नाकारले. याच कंपनीकडे स्पेनच्या अमेरिकेतील वसाहतींना वर्षाला ४,८०० गुलाम माणसे पुरवण्याचा परवाना होता. शिक्षकांनी कानाआधी हे सांगावे, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, निपाणी (जि. बेळगाव)