सुट्टीतले पाठांतर नाताळात तपासा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मे महिना आला की मंडळ्यामंडळ्यांतून, म्हणजे चर्चचर्चमधून, सुट्टीतील बायबल शाळा भरतात आणि शेवटच्या दिवशी वचन पाठांतराची स्पर्धा होते. सुट्या वचनांचा छापील कागद मुलांना मिळतो. जो जास्त वचने म्हणेल त्याचा पहिला नंबर. जून उजाडेपर्यंत त्यातली बहुतेक वचने विसरलेली असतात. दोष मुलांचा नाही, कागदाचा आहे.

सुट्या वचनाला मागचेपुढचे नसते. यिर्मया २९:११ (देवाचे संकल्प हिताचे आहेत, हे वचन) मुलांचे पाठ असते, त्यांच्या आयांचेही असते. पण ते बाबेलात (बॅबिलोनमध्ये) धरून नेलेल्यांना पाठवलेल्या पत्रातले आहे आणि त्याच्या लगेच आधीच्या ओवीत, म्हणजे क्रमांकित वचनात, ७० वर्षे भरल्यावर, असे स्पष्ट म्हटले आहे. दहावी ओवी गाळून अकरावी पाठ करणारा मुलगा ते वचन परीक्षेच्या निकालाला लावतो. मत्तय ४ मध्ये येशूची परीक्षा पाहणारा सैतानही स्तोत्र ९१ तोंडपाठ म्हणतो. फक्त ‘तुझ्या सर्व मार्गांत’ एवढे वगळतो. येशूची तिन्ही उत्तरे मात्र जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या आणि आठव्या अध्यायांतली, म्हणजे जवळजवळच्या भागातली आहेत.

म्हणून सुटी वचने नकोत, सलग उतारा द्या. लहानांना स्तोत्र २३ (६ ओव्या), सातवी-आठवीला स्तोत्र १०३ (२२ ओव्या), तरुणसंघाला फिलिप्पै २:१-११. मोठ्यांनी पुढे सबंध फिलिप्पैकरांस पत्र घ्यावे. ४ अध्याय, १०४ ओव्या आहेत. रोज एकच ओवी. पुस्तकात पाहून दहा वेळा मोठ्याने वाचायची, मग पुस्तक मिटून दहा वेळा म्हणायची. दुसऱ्या दिवशी नवी ओवी घेण्याआधी पहिल्यापासून सगळे एकदा म्हणायचे. कंटाळा येतो तो इथेच, आणि बहुतेक जण गाळतात तेही हेच. ओवीचा क्रमांक आधीही म्हणायचा आणि नंतरही. नाहीतर वचन येते, पण ते कुठले, ते सांगता येत नाही. मोबाइलवरचे बायबल वाचायला ठीक आहे, पाठांतराला नको. छापील पानावर ओवी उजव्या स्तंभात तळाशी होती, हे डोळ्यांना आठवते. पडद्यावर ती रोज नव्या जागी दिसते.

चुका कुठे होतात त्या जागाही ठरलेल्या आहेत. स्तोत्र ४२ ची पाचवी आणि अकरावी ओवी जवळजवळ सारखीच आहे, स्तोत्र ४३ ची पाचवीही तशीच. मूल पाचवीवर येते आणि थेट शेवटावर उडी मारते. अशा जागी पालुपद नव्हे, पालुपदानंतरच्या ओवीचा पहिला शब्द घोकून घ्यावा. स्तोत्र १३६ च्या २६ ओव्यांत प्रत्येक ओवीचा उत्तरार्ध एकच, त्यामुळे ते सोपे वाटते आणि पूर्वार्धांची हमखास सरमिसळ होते. त्याचा क्रम आधी समजावून द्यावा: ४ ते ९ सृष्टी, १० ते १५ मिसर आणि तांबडा समुद्र, १६ रान, १७ ते २२ राजांचा पाडाव आणि त्यांचा देश. सीहोन आधी, ओग नंतर. एवढे ठाऊक असले की मूल अडखळले तरी स्वतःच वाटेवर येते.

आणखी एक अडचण खास आपली आहे. अभंगात शब्द चुकला तर चाल अडते आणि चूक लगेच कळते. रेव्ह. ना. वा. टिळकांची भजने पिढ्यानपिढ्या तोंडात राहिली त्यात याचा वाटा मोठा आहे. आपले मराठी शास्त्र, म्हणजे बायबल, बहुतांशी गद्यात. तिथे ‘जपून’च्या जागी ‘साठवून’ म्हटले तरी कानाला काही खटकत नाही आणि चूक पक्की होत जाते. म्हणून आठवड्यातून एकदा समोर कुणीतरी पुस्तक उघडून बसलेच पाहिजे. त्याने मध्येच टोकू नये; चुकलेल्या शब्दावर पेन्सिलीने खूण करावी आणि शेवटी दाखवावी. चाल लावता आली तर उत्तम, पण चालीत बसवण्यासाठी शब्द बदलू नयेत. आवृत्तीही एकच ठरवावी. घरातल्या जुन्या प्रतीत ‘यहोवा’, वर्गातल्या नव्या प्रतीत ‘परमेश्वर’, अशाने मूल गोंधळते आणि परीक्षकांचा वाद होतो तो वेगळाच.

राहिला प्रश्न बक्षिसाचा. मे महिन्यात निम्मेच गुण द्यावेत. तोच उतारा डिसेंबरात, पूर्वसूचना न देता, पुन्हा म्हणून घ्यावा. उरलेले निम्मे गुण तेव्हाचे. त्यात दोन प्रश्न अर्थाचेही असावेत: हे कोण कोणाला म्हणत आहे, आणि याच्या आधीच्या ओवीत काय आहे. बक्षीस समारंभ नाताळच्या कार्यक्रमात ठेवला तर मंडळीला वेगळा खर्चही पडणार नाही.

आपला,
एक शब्बाथ शाळा शिक्षक, अहिल्यानगर