घर तापतं बे, पण ये

अकोला,
२७ मार्च

प्रिय सुन्या,

तुझा फोन आला तेव्हा मी हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधून गच्चीला चुना मारत होतो. फोन बायकोने कानाला धरला होता आणि ती वैतागली होती, म्हणून "नंतर बोलू" म्हणालो. त्याला आठवडा झाला. तू विचारलंस, "मेमध्ये आईला घेऊन येतोय, घर फार तापत नाही ना?" ताजनापेठेत वाढलेल्या माणसाने हे विचारावं! वीस वर्षं चिपळूणला राहून तू पार कोकण्या झालास बे.

घर तापतं. यंदा जरा जास्तच तापणार आहे आणि त्यात माझाही हात आहे. तेच आधी सांगतो.

आमच्या पश्चिमेच्या कुंपणाला लागून शेजाऱ्यांचा कडुनिंब होता, आठवतो? तुझ्या लग्नाची पत्रिका घेऊन तू आलास तेव्हा त्याच्याखालीच गाडी लावली होतीस आणि कावळ्याने टपावर आशीर्वाद दिला होता. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याचा पाला गळायचा, गच्चीच्या पन्हाळ्या तुंबायच्या आणि मी दरवर्षी भिंतीवरून कुरकुर करायचो. दिवाळीनंतर शेजारी आले. म्हणाले, "गाडीसाठी शेड टाकायचं म्हणतो, झाड काढू का? तुमची काही हरकत?" मी म्हणालो, "माझी कशाला हरकत?" झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, १९७५चा कायदाच आहे तसा. ती त्यांनी घेतली की नाही, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. दोन दिवस करवत चालली, तिसऱ्या दिवशी अंगणात लख्ख उजेड. मला बरंसुद्धा वाटलं. खोटं कशाला बोलू?

पाडव्याला मात्र गुढीला बांधायला डहाळी हवी होती आणि मी सवयीने पिशवी घेऊन कुंपणापाशी गेलो. तिथे बुंधा. शेवटी तिसऱ्या गल्लीतून, अनोळखी माणसाला विचारून, मूठभर पाला आणला. आई काही बोलली नाही, नुसतं बघितलं. तू तिला ओळखतोस.

त्या झाडाने काय केलं होतं ते आता कळतंय. आपण समजतो दक्षिणेची भिंत तापते. हिवाळ्यात तसंच असतं, पण मेमध्ये सूर्य आपल्या डोक्यावर चढतो. २४-२५ मेच्या सुमारास तर अकोल्यात भरदुपारी उभ्या खांबाची सावली पडत नाही आणि तिथूनच नवतपा, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होतो. म्हणजे दिवसभर मार खाते ती गच्ची आणि दुपारी तीननंतर पश्चिमेची भिंत. दक्षिणेची भिंत निवांत असते. आमच्या निंबाचं वेळापत्रक असं की मार्चमध्ये पाला गाळायचा आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत हिरवागार व्हायचा, नेमकी भिंतीला सावली लागते तेव्हा. आता ती भिंत उघडी आहे आणि भिंतीच्या आत तुम्ही उतरणार ती खोली.

तर यंदाची सगळी तयारी त्या एका भिंतीभोवती चाललीय. मेव्हण्याच्या शेतातून छोटा हत्ती भरून तुराट्या आणल्या. बांबूच्या चौकटीवर त्या सुतळीने विणून चांगली जाडजूड ताटी केली आणि भिंतीपासून वीतभर अंतर सोडून उभी केली. ते अंतर महत्त्वाचं. पहिल्यांदा मी ती भिंतीला चिकटवली होती, तर संध्याकाळी ताटीही तापलेली आणि मागे भिंतही. मध्ये हवा खेळली की ऊन ताटीवरच अडतं. पायथ्याशी मधुमालती लावलीय, पण ती यंदा काही कामाची नाही. पुढच्या वर्षी बघू.

गच्चीचं सोपं आहे, फक्त कंबर मोडते. कळीचा चुना लोखंडी पिंपात रात्रभर भिजवायचा. प्लास्टिकच्या बादलीत नाही. चुना पाण्यात पडला की खदखदतो, गेल्या वर्षी आमची बादली वाकून डोसा झाली होती. सकाळी गाळून त्यात थोडा फेव्हिकॉल घालायचा म्हणजे पायाला निघत नाही, आणि झाडूने दोन हात मारायचे. पावसाळ्यात धुऊन जातो, म्हणून दरवर्षी करायचा. चुना मारण्याआधी आमची स्लॅब रात्री अकरापर्यंत ऊन ओकायची. परवा चार वाजता मी अनवाणी उभा राहिलो, उभं राहवलं. मेमध्ये हा प्रयोग तू कर. पाण्याच्या टाकीला पोती गुंडाळलीत, तरी दुपारी नळाचं पाणी चहाला चालेल असं येतं. तेव्हा आंघोळ सकाळी उरकायची, हे काकूंना आत्ताच सांगून ठेव.

आता कूलर. तू तिकडे कूलर घेतलास आणि घराचा हमामखाना झाला म्हणून दुकानदाराशी भांडलास, हे ऐकून मी दोन दिवस हसत होतो. अरे, कूलर चालतो तो पाण्याच्या वाफेवर. ओल्या गवतातून कोरडी हवा ओढली की पाणी उडतं आणि उडताना हवेतली उष्णता घेऊन जातं. माठ गार होतो तसंच. चिपळूणची हवा आधीच ओली, ती आणखी पाणी कुठे पिणार? आमच्याकडे ४४-४५ अंशांना हवा इतकी कोरडी की धुतलेली चादर वीस मिनिटांत कडक. शिवाय कूलर लावून समोरची खिडकी बंद ठेवली की इथेही हमामखानाच होतो. आत आलेली हवा बाहेर जायला वाट पाहिजे.

जिन्याखालून जुना लोखंडी कूलर ओढून काढला तर गवत दगडासारखं कडक. आपला खारपाणपट्टा, जमिनीखालचं पाणीच खारं! आमच्या बोअरचं पाणी दिसायला काचेसारखं, पण आटलं की मागे पांढरी साय राहते. ती गवतावर बसली की पाणी झिरपत नाही आणि हवा गार होत नाही. नवीन गवत भरलं, टाकीला आतून डांबर लावलं आणि यंदा नियम केलाय: टाकीतलं पाणी चौथ्या दिवशी पूर्ण काढायचं. दिवसाला साठ-सत्तर लिटर पाणी उडून जातं आणि क्षार सगळे टाकीतच राहतात, नुसती वरून भर घालत राहिलं की खारटपणा वाढतच जातो. त्यातच टाकीच्या कडा घासून काढायच्या, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटतात आणि नुसतं पाणी ओतून जात नाहीत.

आणि एक गोष्ट, घरी सांगितली नाहीये. मागच्या जूनमध्ये चालू कूलरमध्ये पाइपने पाणी भरताना मला झिणझिणी आली. हाताला मुंग्या, एवढंच. पायात रबरी चप्पल होती म्हणून एवढंच. उंदराने वायर कुरतडली होती आणि वायरमनने टेस्टर लावून सांगितलं की प्लगमधली अर्थिंगची तार पुढे कुठे जोडलेलीच नाही. घर बांधल्यापासून नाही! आपल्याकडे दर उन्हाळ्यात कूलरचा करंट लागून माणसं जातात, पेपरात चार ओळी येतात. यंदा पहिला खर्च तोच केला: नवी अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच. पाणी भरताना स्विच बंद नव्हे, प्लगच काढायचा. तू आलास की उत्साहाने पाइप घेऊन कूलरकडे जाऊ नकोस, एवढं कर.

बागेची मात्र दैना आहे. निंबाच्या सावलीत आईचे नेचे, ड्रॅसिना, एरवी अकोल्यात कुणाकडे जगत नाहीत अशा कुंड्या जगल्या होत्या. होळीच्या आधीच नेच्यांच्या कडा कागदासारख्या झाल्या. घाईने ५० टक्क्यांची हिरवी जाळी आणली आणि कुंड्यांच्या डोक्यावर हातभर उंचीवर ताणून बांधली. खाली वाफारा कोंडला, पानं आणखी करपली. आता ती आठ फुटांवर नेलीय आणि पूर्वेची बाजू उघडी ठेवलीय, सकाळचं ऊन मिळायला. कुंड्या एकमेकींना खेटून ठेवल्यात, मध्ये ओल्या विटा.

पाण्याचा हिशोब तू विसरला असशील. महानच्या धरणाचं गोडं पाणी नळाला चार-पाच दिवसांनी येतं. ते प्यायला, माठाला आणि मोगऱ्याला. माठाला खारं पाणी घातलं तर छिद्रं बुजतात आणि माठ गार करायचंच सोडून देतो. मोगऱ्याच्या पानांच्या कडा खाऱ्या पाण्याने जळतात. डाळ-तांदूळ, भाजी धुतलेलं पाणी लिंबूच्या झाडाला. लिंबूच्या आळ्यात दोन जुनी मडकी गळ्यापर्यंत पुरलीत. तिसऱ्या दिवशी भरायची, पाणी झिरपत मुळांशी जातं. वरून वीतभर पालापाचोळ्याचं आच्छादन. आणि गंमत बघ, हा पालापाचोळा त्याच निंबाचा. वर्षभर पन्हाळीतून काढून कोपऱ्यात टाकलेला, मी शिव्या घालत भरलेली चार पोती. ती संपली की संपली.

मोगरा जानेवारीअखेर छाटला होता, कळ्या धरल्यात. तुम्ही याल तेव्हा काकूंना गजरा नक्की. तुळशीवर वैशाखात आई गळती बांधेलच, बुडाला छिद्र पाडलेलं छोटं मडकं तिने आत्ताच आणून ठेवलंय.

तुम्ही पहाटे उतरणारी गाडी बघा. दुपारी स्टेशनावर उतरून काकूंना घेऊन रिक्षा शोधणं नको. पन्ह्याच्या कैऱ्या इथे आहेत, पण कोकमाच्या आगळाच्या दोन बाटल्या आण. इथे मिळतं ते नुसतं लाल पाणी. काकूंना साष्टांग नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
बाळ्या

ता. क. हे पाकिटात घालत होतो तेवढ्यात शेजारी आले होते. शेडचा पत्रा इतका तापतो की गाडीत बसवत नाही म्हणे, "तुमच्याकडे हिरव्या जाळीचा तुकडा उरलाय का?" उरला होता. दिला. बांधायला बांबूही मीच धरला.